लेकरांच्या वाट्याच्या वस्तू

जळगावातल्या मेहरूणच्या जुन्या घरांतून, आणि एकूणच जळगाव-धुळ्याकडच्या घरांतून, ज्या वस्तू उठून गेल्या किंवा जायच्या बेतात आहेत, त्यांतल्या फक्त लेकरांच्या वाट्याच्या इथे टिपल्या आहेत. साधारण वयाच्या क्रमाने.

झोळी. आजीच्या सुती लुगड्याची, आढ्याला बांधलेली. लुगड्याचं पुढचं सगळं ठरलेलं असे: झोळी विरली की दुपटी, दुपट्यांचे लंगोट, लंगोटांचं शेवटी पोतेरं. खान्देश कापसाचा, जळगावात खान्देश मिल चालायची. सुती चिंधी घरात कधी विकत आणावी लागली नाही. मिल बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, आणि लंगोट पुड्यातून येऊ लागले. बाळंतिणीने पुन्हा लंगोटांचा ढीग धुवत बसावं असं मी म्हणणार नाही. ते धुणं वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या हातात होतं, म्हणून तर पुडा आल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. पण बापाने बादली उचलली तर दिवसा लंगोट आणि रात्री-प्रवासात पुडा, एवढं नक्की जमतं. घंटागाडीत गेलेला डायपर बाळ म्हातारं झालं तरी मातीत मिसळणार नाही.

गोधडी. दुपारच्या वेळी ओट्यावर पसरलेली. टाके आजी घालायची, सुई ओवायचं काम पोरांकडे, कारण तिच्या डोळ्यांना नेढं दिसत नसे. दोरा तोंडात ओला करून, टोक पिळून, एका डोळ्याने नेम धरायचा. पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की खेळायला जायची मोकळीक.

बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून ओतायची बोरं, उसाचे करवे, ओल्या हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या. त्या दिवसांत शिवारात जे तयार झालेलं असतं, नेमकं तेच. बाळाला यातलं काही कळत नाही; तो सोहळा भोवतीच्या पोरांचा. ती तुटून पडतात, झग्याच्या ओच्यात, टोपीत, मुठीत भरतात, आणि आपल्याकडे या महिन्यात काय पिकतं हे कोणी न सांगता त्यांच्या तोंडाला कळतं. हल्ली चांदीच्या कागदातली चॉकलेटं आणि कुरकुऱ्यांची छोटी पाकिटं ओततात. बोरं लागतील, आत किडा असेल, घशात आठळी जाईल, अशी कारणं असतात. आठळीची भीती खरी आहे. तान्ह्याच्या डोक्यावरून चुरमुरे आणि पाकळ्या ओताव्यात, बोरं मोठ्या पोरांसाठी खाली पसरावीत. पण बोरं असावीत.

मेहरूणची बोरं. बोरांच्या वाणांची यादी करायला बसलं की उमराण, कडाक्याच्या शेजारी ‘मेहरूण’ हे नाव येतं. आमच्या गावाचं नाव लावलेलं फळ आहे ते. लहान, पिकल्यावर तांबूस होणारं, गोड. झाड पावसाळ्यात फुलतं, थंडीत पिकतं, मुळं खोल जातात आणि उन्हाळ्यात तांब्याभर पाणी मागत नाही. छाटलेल्या काट्यांचं कुंपण होतं. वाळलेल्या फळांचं बोरकूट होतं. फळ खाऊन आठळी फेकायची नसे. दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने अशी ठोकायची की कवच फुटावं आणि आतलं चपटं बी अख्खं राहावं. जोरात ठोकलं तर पीठ, हळू ठोकलं तर आठळी उडून गटारात. हा अंदाज हाताला येईपर्यंत अख्खा मोसम जायचा.

मग शिवारात प्लॉट पडले. बोरीचं झाड सातबाऱ्यावर असलं तरी लेआउटवर नसतं. आता हातगाडीवर ॲपल बोर असतं: मोठं, हिरवं, पाणीदार, चवीला सौम्य. मुलं तेच बोर समजतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती या नोंदीची. कारण आठळी पेरून मेहरूणचं बोर मिळत नाही, बी मूळ झाडासारखं निघेलच असं नसतं. रानबोरीच्या रोपावर डोळा भरावा लागतो, आणि डोळा घ्यायला जुनं झाड जिवंत लागतं. ज्यांच्या बांधावर, परसात अजून एखादं उभं आहे, त्यांच्याकडे पोरांना घेऊन जावं आणि डोळा कसा काढतात ते दाखवावं. झाड आहे तोवरच हे होईल.

चिपाडाची गाडी. ज्वारीच्या चिपाडाची साल दाताने सोलून, आतल्या गाभ्याचे तुकडे सालीच्या काड्यांनी जोडलेले. बैलगाडी, चष्मा, घड्याळ. संध्याकाळी गुरांपुढे.

बिबड्यांची राखण. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया वाळत असताना कावळे हाकलायला पोरं बसवत. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा. राखणदाराला अर्धवट वाळलेला, मऊ, मिठाचा बिबडा मिळे, तीच मजुरी. यादी करताना मला जाणवत गेलं की इथल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूत पोरांसाठी एखादं काम राखून ठेवलेलं होतं: सुई ओवणं, आठळी फोडणं, कावळे हाकलणं. आज आपण त्यांना वस्तू देतो आणि काम काढून घेतो, मग परिसर अभ्यासाच्या पुस्तकातून पाणी वाचवा, कचरा वेगळा करा असं शिकवतो. त्यांना ते पाठ होतं. पण कशासाठी, हे हाताला माहीत नसतं.

केळीचं पान. केळीच्या जिल्ह्यात राहून भरीत-पुरी कागदी ताटलीत खायची वेळ यावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्यांच्या जागी आल्या त्यांतल्या बऱ्याच ताटल्यांना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. शेतात भरीत असलं की पानं पुसायचं काम लहानांचं. उरलेलं पान गाईला.

गुलाबाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी घरात मांडायची मातीची मूर्ती. गाणी झाली की झाकलेला डबा कानाशी हलवून खिरापत ओळखायची: फुटाणे खडखडतात, शिरा गप्प बसतो. मूर्ती आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टरच्या, आणि कोजागिरीला त्या पाण्यात जातात. मेहरूण तलावाने आधीच गणपतींचं पुष्कळ सोसलं आहे.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका. कडुलिंबाचं झाड दारात होतं तोवर.

धाब्यावरची रात्र. मातीच्या छतावर पाणी शिंपडून, गाद्या टाकून. जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकला तरी पहाटे पांघरूण ओढावं लागे. स्लॅब रात्रभर तापलेला राहतो. तिथे झोपा असं मुलांना कसं सांगणार?

जुनी पुस्तकं. निकाल लागला की वरच्या इयत्तेतल्या पोराच्या घरी जायचं, निम्म्या किमतीत पूर्ण संच. वर्तमानपत्राचं कव्हर, आधीच्या मालकाने पेन्सिलीने केलेल्या खुणा. संपलेल्या वह्यांतली कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून रफ वही. २०२३-२४ पासून बालभारतीच्या काही इयत्तांच्या पुस्तकांतच लिहिण्यासाठी कोरी पानं घातली गेली. दप्तर हलकं व्हावं हा हेतू चांगला होता, पण लिहून भरलेलं पुस्तक पुढच्या मुलाला देता येत नाही. २०२५-२६ पासून ती पानं काढून टाकायचं ठरलं, त्यामुळे पुस्तक पुन्हा हातोहात जाऊ शकतं. आमच्या गल्लीत कोणाचं मूल कितवीत आहे याची यादी मी करायला घेतली आहे. कव्हरं घालायचं आणि घरोघर पोचवायचं काम पोरांकडे आहे.