किती टन?

बी.ई.ला प्रोजेक्ट निवडताना आमच्या ग्रुपची एकच अट होती : वर्कशॉपमध्ये घाम गाळायला लागू नये! म्हणून विषय घेतला, आपल्या सेमिनार हॉलला किती टनांचा ए.सी. लागेल? हाताने, ई-क्वेस्टवर आणि एनर्जीप्लसवर काढायचं आणि तुलना करायची. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. शिवाय तशी चुलत भावंडंच. ई-क्वेस्टमध्ये डीओई-२ चं इंजिन, आणि २००१ साली आलेलं एनर्जीप्लस डीओई-२ आणि ब्लास्ट या दोघांचा वारस. उत्तरं जवळपास सारखीच येणार, असं आम्ही धरून चाललो.

आली ती अशी : हाताने १९ टन, एनर्जीप्लस १७, ई-क्वेस्ट १४. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. विचार करा!

हाताचं उत्तर का फुगलं ते लगेच कळलं. खिडक्या, छत, माणसं, सगळ्यांचे कमाल आकडे आम्ही एकाच वेळचे धरून बेरीज ठोकली होती. पश्चिमेच्या खिडक्यांत ऊन येतं चार वाजता. ब्रिकबॅट कोब्याखालच्या स्लॅबमधून उष्णता आत उतरेपर्यंत संध्याकाळ होते. एनर्जीप्लसमध्ये छताचं ऊन शोषण्याचं प्रमाण आयतं ०.७ असतं, ते आम्ही तसंच ठेवलेलं. आपल्या गच्चीवर तर पांढरी चायना मोझॅक! ते सुधारल्यावर १६ आले.

ई-क्वेस्टचे १४ मात्र हलेनात. सबमिशनच्या आदल्या रात्री मी कोणाला न सांगता फटींतून येणारी हवा वाढवली, तासाला अर्ध्या हवाबदलाचे दीड केले. १६! ग्राफ काय देखणा दिसला म्हणता.

ओरलला एक्स्टर्नलनी नेमकं तेच विचारलं, "हे दीड कुठून आणले?" मी पंख्याकडे बघितलं. बाकीचे तिघं माझ्याकडे. मार्क चौघांचे गेले.

संध्याकाळी हॉलची चावी द्यायला गेलो तर मामा म्हणाले, "दुपारचं काय मोजत बसलास पोरा? गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला सातला ये, मग कळंल."

ई-क्वेस्टच्या तयार वेळापत्रकात आमचा हॉल पाचला रिकामा होत होता! इकडे सातला, स्लॅब तापलेला असताना, पोरं नाचत असतात. आणि नाचणारा माणूस बसलेल्याच्या दुपटीहून जास्त उष्णता टाकतो. हवाबदल परत अर्ध्यावर आणला, दोन्हीकडे मामांचं वेळापत्रक घातलं. एनर्जीप्लस साडेसतरा, ई-क्वेस्ट साडेसोळा.

रिपोर्टचं बाइंडिंग झालेलं होतं. नवीन पान घेऊन सरांकडे गेलो आणि त्या रात्रीचं सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून स्टेपलर काढला आणि पान शेवटी लावून टाकलं. तिघांना सांगायचं मात्र अजून बाकी होतं.