भिंतीवरची टकटक

आमच्या गिरगावातल्या बिऱ्हाडात एक चमत्कारिक घड्याळ होते. गोल, पितळी, आणि तबकडीवर दोन तांबडे पट्टे: एक १५ ते १८ मिनिटांवर, दुसरा ४५ ते ४८ वर. नानाकाकांनी ते दारूखान्यातून, मोडीत निघालेल्या जहाजांच्या सामानातून, घासाघीस करून आणले होते. काटा तांबड्यावर आला की नाना बोलता बोलता गप्प होत. आई म्हणे, "भाऊजी, आमटी निवतेय." पण तीन मिनिटे सरल्याशिवाय घास उचलला जात नसे.

नाना मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. इंग्रज खलाशी अशा माणसाला 'स्पार्क्स' म्हणत. कानाला हेडफोन, हाताखाली मोर्सची किल्ली आणि चहूकडे पाणी, यात त्यांची सत्तावीस वर्षे गेली. लग्न राहूनच गेले. निवृत्त झाले ते थेट आमच्या आतल्या खोलीत आले, आणि चाळीतल्यांचे ट्रान्झिस्टर दुरुस्त करू लागले.

घड्याळाचे मर्म त्यांनी मला एकदा सांगितले. "अरे, पाचशे किलोहर्ट्‌झवर साऱ्या समुद्राचा कान असे. त्या तीन मिनिटांत कुणी आपले बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. एखाद्याचा क्षीण आवाज आपल्या गलबल्यात बुडू नये म्हणून."

मग ओघाने टायटॅनिक येई. १४ एप्रिल १९१२ ची रात्र. जवळच बर्फात थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावर एकटाच वायरलेसवाला होता. त्याने हिमाची सूचना दिली, तर टायटॅनिकच्या फिलिप्सने त्याला, कामात आहे, गप्प बस, असे फटकारले. तो बिचारा दिवसभराचा थकलेला. साडेअकरानंतर यंत्र बंद करून निजला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आपटले. पुढे कॅलिफोर्नियनच्या अधिकाऱ्यांना आकाशात अग्निबाण दिसले. पण खाली जाऊन त्या पोराला उठवावे, हे पहाटेपर्यंत कुणाला सुचले नाही. अठ्ठावन्न मैलांवरच्या कार्पेथियाचा वायरलेसवाला मात्र निजायच्या बेतात असूनही हेडफोन लावून होता. त्याने ऐकले, म्हणून सातशेहून अधिक जीव वाचले.

नानांचा खरा जीव होता तो हॅरल्ड ब्राइडवर, फिलिप्सच्या मदतनिसावर. वय अवघे बावीस. 'सीक्यूडी' हा जुना संकेत चालला होता, तेव्हा "आता नवा एसओएस पाठव, पुन्हा संधी मिळायची नाही," अशी थट्टा बुडत्या जहाजावर करणारा तो हाच. फिलिप्स गेला. ब्राइड उलटलेल्या होडीला धरून वाचला, पण पायांची दैना झाली. तशा पायांनी तो कार्पेथियाच्या वायरलेस खोलीत बसला आणि वाचलेल्यांचे निरोप पाठवीत राहिला. पहिल्या महायुद्धातही त्याने जहाजावर हेच काम केले. मग स्कॉटलंडमध्ये फिरता विक्रेता होऊन तो जगाच्या नजरेआड राहिला. १९५६ साली ग्लासगोत वारला.

"लोक म्हणतात, तो लपून बसला," नाना म्हणत. "लपेल कशाला? आयुष्यभर पुरेल एवढे त्याने एका रात्रीत ऐकले होते."

१ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांना संकटकाळी मोर्सची सक्ती उरली नाही, उपग्रह आले. त्या रात्री नाना आपला जुना रिसीव्हर लावून बसले. सकाळी मी विचारले, "काय ऐकू आलं, नाना?" म्हणाले, "खरखर." आणि चहा मागितला.

त्यानंतर त्यांची एक सवय वाढली. बसल्या जागी बोटे वाजत: पाटावर, ताटाच्या काठावर, खिडकीच्या गजावर. रात्री झोप आली नाही की भिंतीवर. पलीकडच्या खोलीत मी निजत असे. प्रथम मला जाग येई, मी जाऊन बघे. नाना ओशाळून म्हणत, "काही नाही रे, नीज तू." पुढे पुढे मी उठेनासा झालो. घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तशी ती टकटकही ऐकू येईनाशी झाली.

२००१ च्या आषाढात, धो धो पावसाच्या रात्री, भिंत वाजली. मी अर्धवट जागा होतो. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. मला वाटले, नाना गेलेल्या समुद्राशी बोलताहेत. मी कूस बदलली. सकाळी आई चहा घेऊन गेली ती किंचाळत बाहेर आली. नाना पलंगावर तिरपे पडले होते, हात भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबले. पहाटे केव्हा तरी.

ती हाक होती की नुसती सवय, हे मला कधीच कळणार नाही. डॉक्टरांनी माझी समजूत घातली, उठला असतात तरी फरक पडला नसता. पडलाही नसेल. पण कॅलिफोर्नियनवरचा वायरलेसवाला निदान यंत्र बंद करून निजला होता. मी तर ऐकले होते.

नानांचे घड्याळ आता माझ्या खोलीत आहे. तांबड्या पट्ट्यांवर मी काही गप्प बसत नाही. ते व्रत नानांचे, मला साधायचे नाही. मात्र रात्री भिंतीवर कुठे काही वाजले तर मी उठतो. दिवा लावतो, आई निजली आहे ना ते बघतो. बहुधा उंदीर असतो. तरी उठतो.