शाबानमधलं मंगलदास मार्केट

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की तरावीहनंतर महंमद अली रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. एकीकडे मिनारा मशिदीजवळची खाण्याची झुंबड, दुसरीकडे टांगलेल्या चिमुकल्या शेरवान्या, जाळीचे फ्रॉक, टिकल्यांचे घागरे. त्या झगमगाटात सगळंच सुंदर दिसतं. पण ज्या घरात कमावणारा एक आणि मुलं तीन, त्या घरानं ईदचे कपडे तिथे, त्या रात्री घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. भाव चढलेले, कापड नीट तपासायला सवड नाही आणि कडेवरचं मूल झोपेनं रडवेलं. त्यापेक्षा शाबानमध्येच, एखाद्या दुपारी, मंगलदास मार्केट गाठावं.

यंदा मी नणंदेला घेऊन गेले. तिचा नवरा रिक्षा चालवतो. तिन्ही मुलांचे कपडे आणि चपला मिळून २००० रुपयांत बसवायचे होते. मुंब्र्याहून स्लो लोकलनं थेट मशीद बंदर. पश्चिमेला बाहेर पडून उड्डाणपुलाखालून महंमद अली रोड ओलांडायचा, अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या खेळण्यांकडे न बघता पुढे जायचं (मुलं घरी ठेवली असतील तरच हे जमतं), की जामा मशीद येते. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. तिच्या शेजारीच मार्केट. रविवारी जाऊ नका, बंद असतं.

आत छपराखाली अरुंद गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना ताग्यांच्या थप्प्या. दुकानदार बसल्या जागेवरून तागा उलगडून फेकतो आणि "आपा, हात लावून बघा" म्हणतो. आपणही लाजायचं नाही, हात लावायचाच. कापड उजेडासमोर धरावं. विरळ वीण लगेच कळते. ओला रुमाल घासून रंग सुटतो का पाहावं. 'प्युअर कॉटन' म्हणून दिलेल्या कापडाचा एक धागा घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. मूल जाळीचा फ्रॉक तासाभरात का ओरबाडून काढतं, हे आपल्या मानेला ती जाळी घासून पाहिली की कळतं.

पन्हा मात्र आधी विचारायचा, भाव नंतर. ३६ इंच पन्ह्याचं स्वस्त कापड जास्त लागतं आणि ४४ इंचाचं थोडं महाग वाटलं तरी कमी लागतं. नणंदेनं चार वर्षांच्या मुलासाठी पांढरं कॅम्ब्रिक २ मीटर घेतलं, १२० रुपयांनी. दोन्ही मुलींसाठी एकाच छापाचा कटपीस मिळाला, सव्वातीन मीटर, १०० रुपयांनी. एक छाप घेतला की मोठीच्या कपड्यातून उरलेल्या तुकड्यांत धाकटीच्या बाह्या निघतात. "पण भाभी, मोठीचा कपडा धाकटीला आला की तिला परत तोच छाप!" नणंद म्हणाली. तिचं खरं होतं, पण दीड वर्षाच्या मुलीनं अजून तक्रार केलेली नाही. कापडाचे ५६५ झाले. अस्तर, बटणं, इलॅस्टिक मिळून १००.

शिलाई हा खरा मुद्दा आहे. रमजान अर्ध्यावर आला की बरेच शिंपी नवं काम घेत नाहीत. शाबानमध्ये तोच शिंपी आपलं ऐकून घेतो. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवूनच त्याच्याकडे द्यावं, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. मग सांगायचं: बाजूच्या शिवणीत एक-एक इंच दाब ठेव, खाली दोन इंच दुमड ठेव. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं, म्हणजे दोन इंचांची दुमड उसवली की कुर्ता पुढच्या ईदलाही चालतो. काखेत चौबगला घातला तर हात वर केल्यावर शिवण फाटत नाही. तयार कपड्यांत हा दाब शोधून बघा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा असतो. तिघांची शिलाई ७५० झाली. एकूण १४१५.

बाह्या आखूड घ्याव्यात का, यावर आमचा थोडा वाद झाला. दर वर्षी ईद इंग्रजी कॅलेंडरात दहा-अकरा दिवस मागे सरकते. आज उन्हात येणारी ईद काही वर्षांत भर थंडीत येईल. मुंबईत फरक पडणार नाही, पण नणंदेचं सासर नाशिककडे, आणि तिथली थंडी वेगळी. शेवटी लांब बाह्याच ठरल्या, उन्हाळ्यात दुमडता येतात.

परतताना महंमद अली रोडवर अजून गर्दी नव्हती. चपलांसाठी ५८५ रुपये उरले होते. मुलांच्या पावलांचे माप नणंदेनं कागदावर आखून आणले होते, ते पर्समधून काढून ती पहिल्याच दुकानात शिरली.