खर्जाची तार आणि तिला ताण देणारे हात

गाण्याच्या कार्यक्रमात गायक सर्वांना दिसतो. ढोलकीवाल्याला टाळ्या मिळतात. हार्मोनियम वाजविणाऱ्याकडेही लोकांची नजर जाते. मागे उभे राहून खर्ज सांभाळणाऱ्याकडे मात्र कोणी पाहत नाही. तो थांबला की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी होते, तेव्हा कुठे तो होता हे कळते. असे खर्जाचे एक वाद्य गेली तीन वर्षे आमच्या घरात आहे आणि ते आमची मुलगी वाजविते. यंदा त्याच्या चारही तारा बदलण्याची वेळ आली. ते काम आम्ही उभयतांनी तिच्या सोबतीने घरीच केले. त्यातून जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

या वाद्याचे नाव इलेक्ट्रिक अपराइट बेस. व्हायोलिनच्या घराण्यातील सर्वांत थोरले वाद्य म्हणजे डबल बेस. माणसाहून उंच, मोठ्या पोकळ पोटाचे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांनी ते वर्षानुवर्षे वाजविले. इलेक्ट्रिक प्रकारात ते पोटच काढून टाकलेले असते. उरते सडपातळ लाकडी अंग, लांब मान, चार जाड तारा आणि तारांचे कंपन विजेच्या रूपात ॲम्प्लिफायरकडे पाठविणारा पिकअप. अमेरिकेत १९६० च्या दशकात अँपेग कंपनीने असा 'बेबी बेस' बाजारात आणला आणि न्यूयॉर्कमधील पोर्टो रिको व क्यूबाकडच्या वादकांनी साल्सा संगीतात त्याला मानाची जागा दिली. आमच्या घरी तो येण्याचे कारण साधे आहे. आमच्या दोन खोल्या, शेजाऱ्यांची भिंत एकच, आणि मोठा डबल बेस लोकलच्या डब्यात चढणार कसा? हे वाद्य पिशवीत मावते आणि रात्री कानाला हेडफोन लावून वाजविले तर कोणाची झोप मोडत नाही.

मुलीने हेच वाद्य का निवडले, असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. तिने चार्ल्स मिंगस यांच्याविषयी वाचले होते. हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकार (१९२२–१९७९). लहानपणी ते चेलो वाजवीत. परंतु काळ्या मुलाला पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदात जागा मिळणार नाही, हे ध्यानात आल्यावर ते बेसकडे वळले. त्याच बेसच्या बळावर पुढे जाझ संगीतातील थोर रचनाकार म्हणून जगाने त्यांना मान दिला. एक दार बंद झाले म्हणून हा माणूस घरी बसला नाही, ही गोष्ट मुलीच्या मनात घर करून राहिली.

आता तारांकडे येऊ. बेसच्या जाड तारा सहसा तुटत नाहीत, त्या हळूहळू मरतात. हाताचा घाम आणि मळ तारेच्या वेढ्यांत जाऊन बसतो. आवाज बोथट होतो, छेडलेला स्वर लवकर विरतो. पुढे तार मोकळी वाजविली तर सुरात आणि वर दाबली तर बेसूर, अशी अवस्था येते. आमच्या मुलीला एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पहिलेच काम मिळाले होते, तेही मानधनावर. आणि तारांची अशी दशा!

बाजारात चौकशी केली तर चार तारांच्या संचाला अठरा हजार रुपये. आमच्या घरी हा आकडा लहान नाही. मुलीची आत्या नेमकी आलेली होती. ती म्हणाली, "दादा, नुसत्या तारांना एवढे पैसे? तेवढ्यात पोरीच्या लग्नासाठी सोन्याचा मणी तरी झाला असता." त्यावर घरातून उत्तर गेले, "वन्सं, मणी पेटीत पडून राहील. तार पोरीला कमावून देईल." भिशीचे पैसे त्याच महिन्यात लागले होते, ते तारांकडे वळविले. ज्या दुकानात गेलो तेथील गृहस्थ सगळे बोलणे बाबांशीच करीत होते. वाजविणारी समोर उभी असताना त्यांनी विचारले, "साहेब, वाजवणार कोण?" मुलीने शांतपणे हव्या त्या तारेचे माप सांगितले. मग त्यांना तिच्याकडे वळावेच लागले.

माप आधी घेतले होते म्हणून ते सांगता आले. अशा वाद्याला तार घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पिकअप कोणता आहे. तो चुंबकाचा असेल तर तारेत पोलाद पाहिजेच. आतड्याची किंवा नायलॉनची तार त्याला ऐकूच येत नाही. पिकअप घोडीखाली दाब ओळखणारा असेल तर कोणतीही तार चालते. दुसरी गोष्ट लांबी. वरच्या खाचांच्या पट्टीपासून घोडीपर्यंत आम्ही शिवणकामाच्या टेपने मोजले. साडेएक्केचाळीस इंच भरले, म्हणजे सुमारे १०५ सेंटिमीटर. याला डबल बेसच्या 'थ्री-फोर' मापाच्या तारा लागतात. पाऊण असे नाव असले तरी मोठ्या माणसांचे नेहमीचे माप तेच आहे. साध्या बेस गिटारची तार साधारण चौतीस इंची मापासाठी असते, ती येथे पुरत नाही.

आमच्यापैकी एकाने तरुणपणी गायन पार्टीत ढोलकी वाजविली आहे, दुसरीचे आयुष्य शिलाई मशीनवर गेले आहे. दोघांचेही हात या कामी उपयोगाला आले. प्रथम ॲम्प्लिफायर बंद करून वायर काढली. वाद्य गादीवर आडवे ठेवले. घोडीच्या दोन्ही पायांभोवती पेन्सिलीने बारीक खूण केली, कारण घोडी चिकटविलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. येथे मुख्य नियम असा की, एका वेळी एकच तार काढायची. एकेक तार पंचवीस ते तीस किलोच्या ताणाने ओढलेली असते, चार मिळून क्विंटलभराहून जास्त. सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी आडवी होईल आणि एवढा भार रोज सोसणाऱ्या मानेचाही तोल बिघडेल. ढोलकीवाल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. ढोलकीची दोरीही कोणी एकाच बाजूने ओढत सुटत नाही, सगळीकडून थोडी थोडी घ्यावी लागते.

ताणलेली जुनी तार कापू नये. खुंटी फिरवून ती सैल करावी, मग काढावी. रिकाम्या खाचेत पेन्सिलीचे शिसे घासावे, म्हणजे नवी तार अडखळत नाही. तारेच्या दोन्ही टोकांना रंगीत रेशमी धागा गुंडाळलेला असतो. त्याच्या रंगावरून कोणती तार कोणती ते कळते. तो धागा घोडीवर किंवा वरच्या खाचेत येता कामा नये, तेथे तारेचे उघडे अंग टेकले पाहिजे. खालचे टोक तळाच्या पट्टीत अडकवायचे, वरचे टोक खुंटीच्या भोकात घालून वेढे द्यायचे. वेढे एकाशेजारी एक बसावेत, एकावर एक चढू नयेत. बॉबिनवर दोरा भरणाऱ्या हातांना हे शिकवावे लागले नाही. लांब उरलेले टोक आम्ही कापले नाही. कापले तर तारेवरचा वेढा उसवण्याची भीती असते.

तार चढू लागली की घोडीचा माथा खुंट्यांच्या दिशेने झुकू लागतो. मुलगी दोन्ही हातांनी घोडी धरून तिला थोडी थोडी मागे घेत होती. कंपासपेटीतला गुण्या लावून घोडीची मागची बाजू सरळ आहे ना, हे आम्ही प्रत्येक तारेनंतर पाहिले. घोडीखालून जाणारी पिकअपची नाजूक वायर दबणार नाही, याकडेही लक्ष ठेवले. चार तारांना दीड तास लागला. मग सूर. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, नंतरच्या अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ वेळा. एक तार सुरात आणावी तर दुसरी उतरलेली असे. नवी तार ताणली जाते, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस हा खेळ चालतोच. आवाजही सुरुवातीला फार धातूचा, झणझणीत येतो. तो निवायला दोन आठवडे लागले. म्हणून कार्यक्रम उद्यावर आला असताना तारा बदलू नयेत. आम्ही तीन आठवडे हाताशी ठेवले होते. ध्वनिमुद्रण नीट पार पडले, आणि पहिले मानधन मुलीने भिशीच्या डब्यात नेऊन ठेवले.

तारांचे रिकामे पाकीट आम्ही टाकले नाही. त्यावर डॅडारिओ हे नाव आहे. हे एका कुटुंबाचे आडनाव. इटलीच्या डोंगराळ भागातील साले नावाच्या गावचे हे लोक. मेंढीची आतडी धुऊन, पिळून, वाळवून वाद्यांच्या तारा करणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. घाणीचे, दुर्गंधीचे काम. १९०५ च्या सुमारास घरची माणसे न्यूयॉर्कला गेली आणि हाच धंदा तेथे केला. आज तारा पोलादाच्या आहेत, परंतु नाव तेच आहे आणि जगभरचे वादक ते आदराने घेतात.

आपल्याकडेही आतड्याची तात होती. पिंजाऱ्याच्या धनुकलीला ती लागे. तबला, ढोलकी, मृदंग यांना कातडे लागते. परंतु ज्या हातांनी जनावर सोलले, कातडे कमावले, ते हात विटाळाचे ठरले आणि त्यातून निघालेला नाद पवित्र ठरला. वाद्यावर त्या माणसाचे नाव कधी लागले नाही. दक्षिणेतील गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडविणाऱ्या कारागिरांवर २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. त्यातील बहुतेक कारागीर दलित ख्रिश्चन घरांतील आहेत. साले गावच्या माणसांनी आतडी हाताळली आणि त्यांचे नाव पाकिटावर छापले गेले. आपल्या माणसांनी कातडे हाताळले आणि त्यांना गावाबाहेर ठेवले गेले. काम दोघांचे सारखेच होते. फरक कामात नव्हता, समाजात होता.

म्हणून आम्हाला वाटते की, मुलामुलींच्या हातात वाद्य देताना पाना आणि पेन्सिलही द्यावी. वाजविणारा वरचा आणि तार बसविणारा खालचा, ही समजूत निदान आपल्या घरात तरी वाढू नये. मुलीला हे जमेल का, असे विचारण्याआधी तिला एकदा घोडी धरायला बसवावे. आपल्या वस्तीत ढोलकी भरून देणारा, हार्मोनियमचा भाता सांधणारा कोणी असेल तर कार्यक्रमाच्या पत्रिकेत गायकाच्या नावाखाली त्याचेही नाव छापावे. त्याला खर्च एका ओळीचा येतो.