रक्त गोठते तेव्हा

आम्हा कादंबरीकारांना रक्ताचे भारी वेड! आमच्या नायकाचे रक्त सळसळते, खलपुरुषाच्या डोळ्यांत ते उतरते, आणि संकट कोसळले की नायिकेचे रक्त हमखास गोठते. पण रक्त खरोखरच गोठते म्हणजे काय होते, हे मला माझ्या धाकट्या बहिणीच्या डोळ्याने शिकवले.

एके सकाळी तांदूळ निवडताना तिला उजव्या डोळ्याने ताट धूसर दिसू लागले. दुखणे नाही, लाली नाही. मी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिले. दृष्टिपटलावरून रक्त परत नेणारी शीर गुठळीने तुंबली होती आणि रक्त आजूबाजूला झिरपले होते. वय अवघे एकतीस. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. डॉक्टरांनी भलताच प्रश्न विचारला, "ताई, मूल पोटात असतानाच गेले, असे कधी झाले आहे का?"

ती खाली पाहू लागली. दोनदा झाले होते. सासरी कुणी त्याला नशीब म्हटले होते, कुणी पायगुण.

रक्त तपासले, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासले. दुखण्याचे नाव निघाले अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली त्याचे वर्णन केले. यात शरीराचे राखणदारच घरावर उलटतात आणि रक्त नको तेथे गोठू लागते: कधी पायात, कधी मेंदूत, कधी डोळ्यात. गर्भाला पोसणारी वारही त्यातून सुटत नाही.

मौज पाहा! शरीराला चीर न देता जिवंत रक्तवाहिन्या उघड्या दिसाव्यात, अशी जागा म्हणजे डोळ्याचे दृष्टिपटल. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली आपले नेत्रदर्शक यंत्र जगापुढे मांडले आणि ही खिडकी उघडली. डोळ्यांना आपण मनाचा आरसा म्हणतो. ते रक्ताचेही साक्षीदार आहेत.

डोळ्यात इंजेक्शने घेऊन बहिणीची नजर बरीच सुधारली. रक्त पातळ ठेवणारी गोळी ती रोज घेते, ठरल्या दिवशी रक्त तपासून येते, आणि मेथी-पालक आज ढीगभर, उद्या मुळीच नाही, असे करीत नाही. "मुलाचा विचार असेल तर आधी सांगा, गोळी बदलून इंजेक्शने सुरू करू," असे डॉक्टरांनी बजावले आहे. परवा तिच्या सासूबाईंनीच मला विचारले, "मग डॉक्टरांकडे कधी जायचे?"

पायगुण हा शब्द त्या घरात आता कुणी काढीत नाही.