स्प्रिंग आणि शॉकअप

वर्षातून एकदा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आपली रोजचीच गाडी पळवायची, ही माझी हौस. त्यासाठी बेळगावात गाडीला कडक, आखूड स्प्रिंग बसवल्या. शॉकअप मात्र जुनेच ठेवले. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते, तिची उसळी शॉकअप आवरतो. जुन्यांना ती आवरेना. ट्रॅकच्या वळणावर चाके उसळून पकड सुटली. परतल्यावर गावातल्या खड्ड्यांत मागे बसलेली आई पाठ धरून कळवळली. तेव्हा चूक उमगली. मूळ स्प्रिंग पुन्हा बसवल्या, शॉकअप आणि रबरी बुश नवे घातले. पुढच्या वर्षी गाडी वळणावर स्थिर राहिली. विद्यार्थी मित्रांनो, हौस जरूर करा. पण उरलेले ३६४ दिवस त्याच गाडीत घरची माणसे बसतात.