धवई फुलते तेव्हा…

नागपूरहून रायपूरकडे जाणारी गाडी दुर्ग, भिलाई मागे टाकून चरोद्याला येते, तेव्हा खिडकीबाहेर मालगाड्यांच्या रांगाच रांगा दिसतात. पोलादाच्या या मुलखात जंगलाची आठवणही होऊ नये! पण जवळच देवबलोद्याला कलचुरीकालीन शिवमंदिर आहे. तिथे महाशिवरात्रीची जत्रा भरते, त्याच सुमारास छत्तीसगढच्या खडकाळ डोंगरउतारांवर धवई फुलू लागते. चरोद्याच्या सपाटीवर मात्र ती शोधू नये. त्यासाठी भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरासारख्या डोंगराळ भागाकडेच वळायला हवे.

धवई म्हणजे आपल्या सह्याद्रीतली धायटी. (धावडा वेगळा, तो वृक्ष, नावामुळे पुष्कळांची गल्लत होते.) पुरुषभर उंचीचे हे झुडूप, फांद्या कमानीसारख्या वाकलेल्या आणि त्यांवर नळीसारख्या लालभडक फुलांचे झुबके. संस्कृतात तिला धातकी, तसेच अग्निज्वाला म्हणतात, ते उगीच नव्हे.

या फुलांपासून पूर्वी कापडासाठी लाल रंग काढीत. पण तिचे खरे घर आयुर्वेदाच्या औषधशाळेत. बाळंतिणीला दिले जाणारे दशमूलारिष्ट घ्या किंवा कुमारीआसव. काढा वा रस, गूळ आणि धायटीची फुले भांड्यात घालून तोंड बंद करतात व सुमारे महिनाभर ठेवतात. मिश्रण आंबते, त्यात थोडे मद्यार्क आपोआप तयार होते आणि औषध टिकते. फुलांतल्या मधाच्या अंशाबरोबर यीस्टही येते, असे आधुनिक तपासणीत आढळले आहे. वैद्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवायच विरजण ओळखले होते म्हणायचे! आता काही कारखाने यीस्ट वेगळे घालतात, तरी फुलांची मागणी कायम आहे.

ही फुले वेचतात ती बहुधा आदिवासी बायामुले. उन्हात वाळली की फुले अगदी हलकी होतात. दिवसभराची वेचणी तराजूत किती थोडी भरते! गौण वनोपजाला आधारभूत किंमत देणारी केंद्राची योजना २०१३-१४ मध्ये आली आणि पुढे तिच्या यादीत धवईही आली. मात्र पैशांची निकड असली की फुले खुडण्याऐवजी फांदीच मोडली जाते. मग पुढच्या हंगामात त्या झुडपाला फुलोरा कमी. सगळीच फुले ओरबाडली, तर बी धरणार कुठून आणि मधमाश्यांनी जायचे कुठे? म्हणून जाणत्या बाया फांदी हाताने वाकवून झुबके खुडतात आणि शेंड्याकडची फुले तशीच ठेवतात.